रोजची पावती

होनोराता दुमांकासच्या नावावर
इलोइलो शहरात सात इमारती होत्या,
नदीकाठचं एक गोदाम, हारोला दोन मोकळे प्लॉट
आणि बाचोयची अकरा हॉटेलं.
एकोणीस वर्षं मी तिची वही सांभाळली,
म्हणून आकडे मला विचारा.
बाकी लोक सांगतात ते अर्धंमुर्धं.

लोक म्हणतात, नशीबवान.
नशीब पहाटे अडीचला उठत असेल
तर असेलही.
डुकराची हाडं फोडून फोडून
तिचा उजवा खांदा बोटभर खाली उतरला होता.
शिंपी टेप काढायच्या आत तीच सांगायची,
इकडून कमी धर.

नवरा जहाजावर गेला.
तीन वर्षं पैसे आले,
चौथ्या वर्षी रॉटरडॅमचं पोस्टकार्ड.
त्यावर नुसता पत्ता, मजकूर नाही.
तिनं त्याच्या चार घड्या घातल्या
आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारल्या.
त्या टेबलावर तेव्हा सहा माणसं जेवत होती.

पहिली जमीन तिनं पुरात घेतली.
कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून भाव विचारला.
मालक म्हणाला, आत्ता कोण जमीन घेतं?
ती म्हणाली, आत्ताच तर कळतं पाणी कुठवर येतं.
ओसरल्यावर चिखलाच्या रेघेवर खिळा ठोकला
आणि त्याच्या वर वीतभर जोतं बांधलं.
तिथे अजून पाणी शिरत नाही.
शेजाऱ्यांकडे शिरतं.

चांगली होती का?
भाडं पाच तारखेला.
सहाला मी जायचो, सातला ती स्वतः.
घड्याळं दुरुस्त करणारा इल्देफोन्सो पाच महिने थकला,
तेव्हा त्याचं दुकान तिनं फुटपाथवर मांडलं,
साठेक घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी,
सगळी चालू.
दुपारी त्यालाच आत बोलावून बाचोय वाढलं,
मज्जेचं हाड घालून, वर अंडं.
पैसे घेतले नाहीत. थकबाकी सोडली नाही.
तो गेला त्या वर्षी तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं,
त्याच्या ओळीपुढे एक कंस उघडला, मिटवला,
आत काही लिहिलं नाही.
ऑडिटरनं विचारलं, हे काय?
मी म्हटलं, चूक झाली.

आणि ला पाझच्या बाजारातला तो पहिला गाळा,
चार पावलं लांब, तीन रुंद,
तो तिचा कधीच झाला नाही.
बाजार सरकारचा. गाळे विकत नाहीत.
रोज सकाळी वसुलीचा पोरगा येणार, पावती फाडणार.
पोरगे बदलले; एक पुढे नगरसेवक झाला.
ती मात्र तो आला की स्टुलावरून उठायची,
एप्रनला हात पुसायची,
सुटे पैसे मोजून द्यायची.
मनिलाच्या बिल्डरांसाठी ती उठल्याचं मला आठवत नाही.

शेवटी हॉस्पिटलात मुलांनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं.
गोदाम कुणाला, हारोचे प्लॉट किती जातील.
मी कागद आणले. त्यांत बिस्किटांचे नऊ डबे होते,
पावत्यांनी ठासून भरलेले,
वरच्या पांढऱ्या, तळाशी पिवळ्या पडलेल्या,
रश्शाच्या वाफेनं एकमेकींना चिकटलेल्या.
थोरल्यानं विचारलं, याची काही किंमत येईल?
मी बेरीज केली नव्हती. अजून केलेली नाही.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी गाळा उघडा होता.
बंद ठेवायचं कुणी सांगितलंच नव्हतं,
म्हणून पोरींनी हाडं चढवलेली.
वसुलीचा पोरगा आला. नवा होता.
सवयीनं स्टुलाकडे बघून थांबला.
मी खिशातून वीस पेसो काढले.
पावतीवर पेन टेकवून तो म्हणाला,
नाव कुणाचं घालू?

मागे पातेलं उतू चाललं होतं.
मी आधी आच कमी केली.