शेडची जागा

इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे,
कारण माझं अक्षर बरं
आणि नवरा बोटीवर, सहा सहा महिने घरी नसतो.
तर लिहिते.
पुंता कोयाम, कोचायुयो गोळा करणाऱ्या बायकांची संस्था,
हजर एकोणीस, गैरहजर दोन:
एक बाळंत, एक रुसलेली.

विषय एकच. शेड कुठे बांधायची.

प्रांताच्या कचेरीतून पैसे आलेत,
शेवाळ वाळवायला छप्पर, एक वजनकाटा, कापायचं यंत्र.
आजवर आम्ही ते वाळूवरच पसरत आलो,
ओलं, तपकिरी, दोरखंडासारखं,
आणि व्यापारी सांगेल तो भाव.
आता आमचं पाकीट, आमचा शिक्का,
सांतियागोच्या दुकानात.

कोन्सेप्सिओनहून यास्ना ओपोर्तो आली होती,
बुटांना चिखल लागू नये म्हणून जपून चालणारी.
तिनं दोन नकाशे काढले.
हिरवा: बांधणं कुठे स्वस्त पडेल.
लाल: पाणी कुठवर येतं.
खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले
तेव्हा सगळं हिरवं लालात बुडालं.

सपाट जमीन आमच्याकडे आहेच कितीशी,
आणि ती सपाट केली कोणी?

नोल्फा म्हणाली, धक्क्यापाशीच बांधा.
ओलं ओझं चढावर वाहून माझा कणा मोडेल.
लाट यायची तेव्हा येईल, गुडघे रोज दुखतात.
हे मी जसंच्या तसं लिहिलंय.
खोडा म्हणाल तरी खोडणार नाही.

चुलीपाशी एलेओदोरो माते पीत बसला होता,
म्हातारा पाणबुड्या, सभासद नाही, ऊब मिळते म्हणून येतो.
म्हणाला, त्या फेब्रुवारीतही वाट होती की.
पाटी होती, पळणाऱ्या माणसाचं चित्र, बाण.
काटेरी जाळी कमरेएवढी माजलेली.
अंधारात आम्ही बाण शोधत होतो.
ओर्तेन्सियाचा हात मी तिथेच...
पुढचं तो बोलला नाही. मीही लिहिलं नाही.

यास्नानं विचारलं, ती वाट आता कुठंय?
सगळ्याच उठलो बघायला.
जाळी तशीच, मध्ये कुणाचा तरी मेलेला फ्रिज.
तिचे बूट गेले ते गेलेच.
वर, चर्चच्या मागे, रोसालबाचा बटाट्याचा तुकडा,
आणि वारा असा की बोललेलं ऐकू येईना.
शेवाळ वाळायला दुसरं काय लागतं?

खाली आल्यावर हिशोब मांडला.
शेड वर. वाट रुंद, काँक्रीटची, हातगाडी जाईल एवढी,
कडेला रात्रीचे दिवे.
ओल्या मालासाठी मोटर आणि तारेचा दोर, नोल्फाच्या गुडघ्यांखातर.
धंद्याचे पैसे एका खात्याचे, संकटाचे दुसऱ्या,
दोन्ही खाती एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत.
यास्नानं ती एकाच फायलीत टाचली.
कसं, ते तिलाच ठाऊक.

बाजूनं तेरा, विरुद्ध पाच,
नोल्फा तटस्थ: आधी मोटर दाखवा.

मोटर आली. ती दर पंधरवड्याला बंद पडते,
तेव्हा नोल्फा काय बोलते ते इतिवृत्तात बसत नाही.
पण वाट आता पायाखालची झालीय.
रोज चार खेपा. जाळीला उगवायला सवडच नाही.
पोरं डोळे मिटून पैज लावतात, वळणं किती.

परवा रात्री दोनला भांडी खडखडली.
भोंगा वाजला, पण नंतर.
तोवर नोल्फा शेडच्या दारात उभी,
अनवाणी, अंगात नवऱ्याचा स्वेटर.
म्हणते, मला कळलंच नाही, पाय घेऊन आले.

समुद्र जागचा हलला नाही.
तासाभरानं रेडिओनं सांगितलं, घरी जा.
कुणी गेलं नाही. आलोच आहोत तर, म्हणून दिवा लावला,
वजनकाटा पुसला, पाकिटं भरायला बसलो.

त्या रात्रीचं इतिवृत्त:
हजर एकवीस, शिवाय एक बाळ.
एलेओदोरो सभासद नाही,
तरी नाव घातलंय.