मागच्या दारचं काम

नायनांना आम्ही सांगितलं, डुकरं येतात.
खोटं नव्हतंच ते.
कुंभारीच्या अंगाने रात्री येतात, अळू उकरून जातात.
पण डुकरांसाठी कोण साडेचार हजारांची जाळी आणतं?

अंबादासने भंगारातून लोखंडी अँगल आणले, आठ.
त्यातले दोन वाकडे.
भाव करताना सरळ दिसत होते, म्हणाला.
वहिनीने लोकेशच्या पट्टीने अंगण मोजायला घेतलं,
तीस-तीस सेंटिमीटरने सरकत,
तेवढ्यात गॅसवाला आला आणि आकडा गेला.
मग अम्माने हाताने मोजलं, लुगडं मोजतात तसं,
अठरा हात आणि वर वीतभर.
जाळी तेवढीच लागली.

दीड फुटावर मुरूम.
पहार आपटली की दातांपर्यंत झिणझिण्या.
मे महिन्यात सोलापुरात खड्डे खणणारी माणसं
यांच्याच घरात, असं शेजारच्या हत्तुरेकाकू
चार घरांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या
आणि तांब्याभर ताक पाठवलं.

नळ पाचव्या दिवशी आला.
अम्माने विड्यांचं सूप बाजूला सारलं,
दोन घागरी काँक्रीटला दिल्या,
आणि त्या दिवशी कुणी डोक्यावरून आंघोळ करायची नाही, हे न सांगता ठरलं.

नायना सकाळपासून पायरीवर.
डोक्याला टॉवेल.
कुणी हाक मारेल म्हणून बसावं तसे, म्हणजे रोजच्यासारखे.
तारेचं भेंडोळं उलगडलं तसे उठले.
पक्कड नको म्हणाले.
अंबादासने पिरगाळलेली टोकं एकेक सोडवली
आणि पुन्हा बांधली:
अंगठा, तर्जनी, एक वळसा, खाली दाब.
ताण्याचा धागा तुटला की
मुकादमाची नजर वळायच्या आत बांधायची ती गाठ.
तारेला बसत नाही ती, खरं तर.
मी नंतर करून पाहिली, बोट कापलं.
त्यांच्या हातून बसत गेली.
तोंडाने मोजत होते, ओकटी, रेंडू, मूडू,
शंभराच्या पुढे गेले तरी एकदाही अडले नाहीत,
कालच मला दोनदा आत्याच्या नावाने हाक मारणारे.

मार्चपासून तीन वेळा गेलेत.
पहाटे पाचला, रिकामा डबा घेऊन, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून.
एकदा अक्कलकोट नाक्यावर सापडले.
एकदा कारखान्याच्या जागी मंगल कार्यालय झालंय तिथे,
वॉचमनशी भांडत: माझे सहा माग आत चालू आहेत.
तिसऱ्या वेळी कुठे होते ते अजून कळलेलं नाही.
दुपारी आपणहून आले. पायात चपला नव्हत्या.
तळव्यांना डांबर.
अम्माने खोबरेल चोळून चोळून काढलं
आणि सुपातल्या विड्या तशाच राहिल्या त्या दिवशी.
पुढच्या दाराला तेव्हापासून कुलूप असतं.
मागे नुसतं अंगण होतं.

संध्याकाळी फाटक बसलं.
वाकडे दोन अँगल त्यालाच वापरले, त्यामुळे ते जरा
मान कलती करून ऐकल्यासारखं उभं राहिलं.
अंबादास कडी हातात घेऊन थांबला.
आतून की बाहेरून, कुणी बोलेना.
वहिनी घमेलं धूत राहिली, धुतलेलंच.

नायनांनी कडी त्याच्या हातातून घेतली.
आतल्या बाजूला उभं राहून फाटकावरून हात पलीकडे टाकला,
काखेत लोखंड रुतेपर्यंत,
बोटं खाली खाली नेली.
जिथे थांबली तिथून चार बोटं सोडून
लोकेशला म्हणाले, बाहेर जा, खडूने खूण कर.
"इथे लाव," अंबादासला म्हणाले,
"इथवर माझा हात येत नाही."

मग पायरीवर जाऊन बसले.
टॉवेल झटकला, पुन्हा बांधला.
बराच वेळ फाटकाकडे पाहून
विचारलं, "किती म्हणालास रे
डुकरं?"