विनंती विशेष

हडर्सफील्डला, गालिच्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर,
मी म्हाताऱ्या घोड्यांच्या वतीने पत्रं लिहिते.
अठ्ठावीस हजार पाकिटं, वसंतात एकदा, नाताळाआधी एकदा.
सही संचालकांची, निळ्या शाईत छापलेली,
खरी वाटावी इतपत तिरकी.

आजोबांच्या पत्रात पहिल्याच ओळीत असायचं वि. वि.,
विनंती विशेष. पुढे विनंती कधी नसायचीच,
नुसती खुशाली, आणि कुणाचं तरी जमल्याचं.
माझ्या पत्रात विनंती तेवढी असते,
दुसऱ्या परिच्छेदात, ठळक, रकमेसकट.

या हाताचं त्या हाताला कळू नये, म्हणायची आई.
इथे कळतं. कुठल्या हाताने, कुठल्या महिन्यात,
पाकिटावर घोड्याचा डोळा असताना दिलं
की कोऱ्या पाकिटाला.
डोळा असला की शेकडा दोन जास्त देतात.
डोळा बार्नबीचा. त्याला मी कधी पाहिलेलं नाही.

मिसेस एनिड थ्रेलफॉल, फ्लीटवुड.
अकरा वर्षं, दरमहा तीन पौंड.
एका साली आम्ही पाकिटात पेन घातलं
(फुकट मिळालं की माणूस ओशाळतो, ओशाळला की देतो).
तिने ते परत धाडलं, स्वतःचं तिकीट लावून:
माझ्याकडे तुमची चार आहेत. हे विका, गाजरं घ्या.

मग तेरा महिने काहीच नाही.
प्रोग्रॅमने तिचं नाव करडं केलं: गळालेली.
गळालेल्यांना तीन पत्रं जातात.
तुमची आठवण येते. आमचं काही चुकलं का.
आणि निरोपाचं, जे निरोपाचं नसतं.

तिसरं निघायच्या आत शेजाऱ्याचं उत्तर आलं.
एनिडला आता दिसत नाही. पेन्शन हीटरच्या घशात जाते.
पैसे जमायचे नाहीत. पण पत्र बंद करू नका,
मी वाचून दाखवतो. दुसरं कुणाचं येत नाही.
ती विचारते, बार्नबी कसा आहे.

याला रकाना नाही.
मृत असा आहे, पत्ता बदलला असा आहे,
पुन्हा लिहू नये असाही आहे.
लिहावं असा नाही.

पण प्रत्येक गठ्ठ्यात सहा खोटे दाते असतात,
आमचीच नावं, आमच्याच घरचे पत्ते,
टपाल पोचलं का, घडी वाकडी पडली का, ते बघायला.
ते छदाम देत नाहीत. त्यांना कुणी गाळत नाही.
बुधवारी सगळे जेवायला गेले तेव्हा
मी सहाचे सात केले.

पत्रात सगळ्यात आधी वाचतात ती ता. क.,
असं इथे पहिल्या आठवड्यात शिकवतात.
तिथे रक्कम परत सांगायची.
सातवं पाकीट मी मशीनवरून काढून घेतलं,
खणातलं ते पेन अजून उठतंय का पाहिलं.

ता. क.
तबेल्यात फोन केला होता.
डाव्या डोळ्याला पाणी येतं, चारा निम्मा टाकतो,
पण गाजरांची पिशवी वाजली
की अजून मान वळवतो.