सतरावा ट्रे

रात्रपाळीत दोन वाजून दहा मिनिटांनी
कॉलमचा दाब चढायला लागला.
नवा भार घेऊन चारच दिवस झाले होते.
पडद्यावरची हिरवी रेघ आधी थरथरली,
मग डोकं वर काढून बसली,
विश्वामित्रीतली मगर बसते तशी, न हलता.

किरीट परमार म्हणाला, वाफ वाढवू?
मी म्हणालो, थांब.
घोरपडे सांगायचे, हा जिना आहे रे.
वाफ चढते, द्रव उतरतो.
अरुंद जिन्यात चढणाऱ्यानं रेटा दिला
की उतरणारा वरच अडकतो
आणि मजल्यामजल्यावर पाणी साचतं.
पाणी कसलं, नाफ्था. पण बुडणं तेच.

वाफ कमी केली. रेघ उतरली.
जरा जास्तच कमी झाली असावी,
ट्रेच्या भोकाभोकांतून गळायला लागलं,
थांबणं नाही, मिसळणं नाही, नुसतं खाली.
"रडे छे," किरीट म्हणाला.
गुजरातीतही रडणं रडणंच.

पहाटेपर्यंत आम्ही दोघं
पूर आणि रडणं यांच्यामधल्या
बोटभर जागेत व्हॉल्व्ह धरून बसलो.
दांडिया बाजारातून घरचा फोन आला,
येताना दूध आणशील ना?
हो म्हणालो, रेघेवरची नजर न काढता.

मे महिन्यात कॉलम उघडला.
धुऊन, वाफवून, आतली हवा तपासून झाल्यावर
मी पोटावर सरकत आत गेलो.
बॅटरीच्या उजेडात ट्रे क्रमांक सतरा :
भोकं मोकळी, बांध सरळ,
आणि द्रव खाली उतरायच्या वाटेत,
जणू कुणी घडी घालून ठेवलेला,
एक हातमोजा.
डावा. काळा, पापडासारखा कडक.
मनगटापाशी मार्करची अक्षरं
निम्मी उडालेली : वि. मो.

तीन वर्षांपूर्वी याच ट्रेवर
नट आवळताना बोटं घामेजली होती.
एक मोजा काढला होता, इतकं आठवतं.
पुन्हा घातल्याचं आठवत नाही.
त्या रात्री मी किरीटला
घोरपड्यांचा जिना समजावत होतो.

"कंई मळ्युं?" बाहेरून किरीटचा आवाज आला.
आत शब्द फार घुमतात,
म्हणून मी गप्प राहिलो असं समजा.

बाहेर आलो तेव्हा
तो नोंदवहीत लिहीत होता :
ट्रे सतरा, उतारवाट बंद, बाहेरची वस्तू.
मी पेन मागितलं
आणि 'बाहेरची' तेवढं खोडलं.