पाचची ओहोटी

कस्टमवाल्याने दांडा, तबकडी, वायरी
एकेक करून टेबलावर मांडल्या,
परवान्याचा कागद उजेडात धरला
आणि विचारलं, सोनं सापडतं का?
म्हटलं, बाटल्यांची बुचं.

पेनिशेला ओहोटी पहाटे पाचची.
बूच. सार्डिनच्या डब्याची कडी. पुन्हा बूच.
मग एक जाड, खालचा सूर:
वीतभर वाळूखाली शिशाचा मणी,
गळाच्या दोरीवर कुणीतरी चावून बसवलेला.
दातांचा ठसा अजून स्पष्ट.

शिंपल्या वेचणारा एउरिकू थांबला.
आम्हा दोघांत एकही शब्द सामाईक नाही.
त्याने तो शर्टाला पुसला, तोंडात धरला,
दाढेखाली फिरवून पाहिला.
मान हलवली. आपला नव्हे.

तरी खिशात टाकला,
आणि पाण्याकडे बघत
तीन-चार शब्द म्हणाला.
नावं असावीत.