चतुःसीमा

आमच्या गावाचं नाव कुलानसू.
कुलान म्हणजे रानगाढव, सू म्हणजे पाणी.
कुलान माझ्या आजोबांनीही पाहिलेला नव्हता,
आणि पाण्याचं म्हणाल तर
ओढा जूनपर्यंत कसाबसा तग धरतो.

तेवीस वर्षं ह्या नावाचा शिक्का मारतोय मी.
जन्म, मृत्यू, मेंढ्यांचे दाखले,
गाव सोडून कारागांदाला गेलेल्यांचे उतारे.
शाई संपते ती ह्या शेवटच्यांपायी.

मग संस्थेची माणसं आली.
दोन जीप, एक नकाशा,
आणि ल्युबोव पाक नावाची बुटकी पशुवैद्य.
तिनं आल्या आल्या विचारलं, ओढा कुठे होता?
होता, म्हणाली. मला ते लागलं.

करार एकवीस पानांचा.
लिहून देणार : शासन.
लिहून घेणार : संस्था.
मुदत पंचवीस वर्षं. चतुःसीमा येणेप्रमाणे :
पूर्वेस बंद पडलेली रेल्वेची चौकी,
पश्चिमेस मिठाचं तळं,
दक्षिणेस जुन्या सामुदायिक शेताचे खांब,
उत्तरेस
साहेबांनी पेन थांबवलं, खिडकीबाहेर पाहिलं.
उत्तरेस काही नाही.
तसंच लिहिलं.

जनावरांच्या वतीनं सही कोणी करायची
यावर सात महिने पत्रव्यवहार झाला.
फाइल माझ्याकडे आहे.

ओरिनबायनं विचारलं, माझे घोडे कुठे चरायचे?
उत्तर पान चौदावर होतं.
त्यानं ते सावकाश वाचलं, घडी घातली,
म्हणाला, आता घोड्यांना वाचून दाखवा.
पान चौदा दोनदा नव्यानं टाइप केलं मी.

ऑक्टोबरात विमान उतरलं. नऊ पेट्या.
आठांतून जनावरं चालत बाहेर आली,
सुक्या गवताच्याच रंगाची,
नजर हलली की हरवणारी.
नवव्या पेटीशी ल्युबोव अंधार पडेतो बसून होती,
हातमोजे न काढता.
मी नोंद केली : प्राप्त, आठ.

हिवाळाभर कुंपणात. उणे सदतीस.
एप्रिलमध्ये फाटक उघडायला राजधानीहून माणूस आला.
भाषण झालं, फोटो झाले.
आठही जण फाटकाकडे पाठ करून उभे.
फाटक उघडंच ठेवून सगळे जेवायला गेले.

तिसऱ्या रात्री ते निघून गेले.
कोणी पाहिलं नाही.
कुत्रं भुंकलं नाही,
एवढंच ओरिनबायच्या ध्यानात राहिलं.

जुलैत ओढा आटला. त्यात नवल नव्हतं.
ओरिनबाय टोपी न काढता कचेरीत शिरला,
म्हणाला, चल.

ओढ्याच्या मधोमध वाळूत खड्डा,
खुरांनी उकरलेला, गुडघाभर खोल.
तळाशी पाणी. गढूळ, ओंजळभर.
काठावर अनोळखी खुरांचे ठसे
आणि त्यांच्यावर, ताजे,
त्याच्या म्हाताऱ्या घोडीचे.
कोणाला न विचारता पिऊन गेली होती ती.

परतलो तेव्हा कचेरी बंद व्हायची वेळ झाली होती.
वही उघडली, पण रकाना सापडेना.
ल्युबोवच्या तक्त्यातही नव्हता.
ओरिनबाय माझ्या खांद्यावरून वाकला.
त्यात काय एवढं, म्हणाला, लिही :
पाणी, एक ओंजळ.
लिहून देणार?
निशाणी,
डाव्या खुराची.