एक हजार बावीस

राजारामपुरी, आठवी गल्ली, रात्रीचे पावणेदोन.
खालून उसाचा ट्रॅक्टर गेला, दोन ट्रॉल्या, एकच लाईट,
टेबलावरचा पेला थरथरला.
मशीन इथं नाही. ते सिंगापुरात आहे
असं बिल सांगतं. मी कधी पाहिलेलं नाही.
तिथवर जायला एकच वाट,
आणि आज त्याच वाटेची फरशी मी उखडणार.

पहाटे पावणेपाचला कसबा बीडात पहिली किटली काट्यावर येईल.
मग हळदी, सडोली, वाशी,
दोनशे अकरा केंद्रं. लिटर, फॅट, डिग्री, रुपये,
सगळं त्या एका मशीनवर,
जिची सिस्टीम इतकी जुनी
की बनवणारे आता ओळख दाखवत नाहीत.

बाळगोंडा मगदूम, आधी उद्यमनगरात लेथवर, मग आमच्यात,
म्हणायचे, पोरी, नवा नट बसेपर्यंत जुना खिशात ठेव.
म्हणून परवा बॅकअप घेतला.
काल तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघितला,
न उघडलेला बॅकअप म्हणजे कुलूपबंद ट्रंक,
आत शालू का चिंध्या, कुणाला ठाऊक.
संध्याकाळी अख्ख्या डिस्कचा स्नॅपशॉट.
आणि कन्सोल, मागच्या खिडकीची शिडी,
तिचा पासवर्ड तिसऱ्यांदा लागला.

सुरू केलं.
आधी ते आपणहून दुसरं दार उघडतं,
पोर्ट एक हजार बावीस.
पुढचं अडकलं तर इकडून ये, म्हणतं.
माझ्या ओळखीच्या एकाही माणसानं
भांडण्याआधी असं दार दाखवलेलं नाही.

पॅकेजं उतरत राहिली, चौदाशे बारा.
नावं वाचायचा नाद मी दोनशेनंतर सोडला.
अडीचला गल्लीची लाईट गेली, वायफाय गेलं.
मोबाईलच्या नेटवर परत जोडलं, तर
काम आपलं चालूच.
मी स्क्रीनमध्ये सुरू केलं होतं, म्हणून.
छातीतला ठोका मात्र तेवढा वेळ बंद.

मग ते थांबलं:
ही फाईल कुणीतरी हातानं बदललेली आहे.
नवी घेऊ, का जुनी ठेवू?
फरक दाखव, म्हटलं.
एका ओळीपुढं हॅश, इंग्रजी अक्षरांत मराठी,
स्पेलिंग मनाला येईल तसं:
हळदीच्या जुन्या यंत्राला नवी कुलपं कळत नाहीत,
खालची ओळ काढू नये. बा. म.

मगदूम सर गेले त्याला फेब्रुवारीत दोन वर्षं होतील.
हळदीचं यंत्र दिवाळीत भंगारात गेलं.
म्हणजे जुनी कुलपं आता कुणासाठीच नाहीत,
चोर सोडून.
कर्सर लुकलुकत होता. त्याला घाई नव्हती.
मी नवी फाईल घेतली,
पोर्ट आणि किल्ल्या जुळवल्या,
आणि शेवटी त्यांची ती सूचना, चुकलेल्या स्पेलिंगसकट,
हातानं परत लिहिली.
खालची ओळ नाही. नुसतं सांगणं.

रीबूट.
जोडणी तुटली, म्हणालं, आणि गप्प.
पिंग. नाही.
पिंग.
चाळीस, एक्केचाळीस, नव्वद.
शिडीकडं हात गेला, मागं घेतला.
एकशे तीस. शेजारच्या घरात कुणीतरी खोकलं.
एकशे त्रेसष्टाव्याला उत्तर आलं,
सदुसष्ट मिलिसेकंद,
जसं काही झालंच नव्हतं.

काट्याची सर्व्हिस मात्र उठली नाही.
एका फोल्डरची मालकी बदललेली,
तिनं पंचवीस मिनिटं खाल्ली.

चार सेहेचाळीस. कसबा बीड.
आनुबाई चौगले, म्हैस, साडेतीन लिटर,
फॅट सहा पूर्णांक आठ.
पावती छापली गेली असेल,
त्यांनी ती पदराच्या गाठीत बांधली असेल, मला काय दिसतंय.

फायरवॉलमध्ये जाऊन एक हजार बावीस बंद केलं.
मग उगाच एकदा वाजवून पाहिलं.
आतून कुणी बोललं नाही.
बरोबर आहे.